पुढचा ब्रेक आणि मागचे आम्ही

मी वाळूजला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि पोळ्याच्या त्या आठवड्यात माझ्याच बायकोच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक लागत नव्हता.

ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी असू नयेत, हे मलाही कळतं. पण मी कंपनीत डिस्पॅचला आहे. म्हणजे तयार पार्ट खोक्यात जातात, खोकी ट्रकमध्ये जातात, ट्रक गेटबाहेर गेला की मी चहाला जातो. आता नातेवाइकांना डिस्पॅच कळत नाही, ब्रेक कळतो! त्यामुळं लग्नाकार्यात कुणी "हे आमचे दत्तोपंत, ब्रेकमध्ये असतात" अशी ओळख करून दिली की मी मान जराशी खाली घालतो. जणू मी एक दिवस रजा टाकली तर अख्ख्या मराठवाड्यातली वाहनं थांबायची बंद होतील. मग लोक आपापल्या गाडीची दुखणी सांगतात, मी डोळे मिटून ऐकतो आणि गंभीरपणे म्हणतो, "ऑइल बदलून बघा." आजवर कुणी परत येऊन भांडलं नाही. (परत यायला गाडी थांबली पाहिजे ना!)

तर पोळ्याचा दिवस. आमची सौभाग्यवती सुनंदा बजाजनगरला बालवाडीत शिकवते. सिडकोतल्या आमच्या घरापासून ते जवळजवळ गावाचं दुसरं टोक. रोज जाते, रोज येते, स्कूटरवर. त्या संध्याकाळी ती फाटकातून आत आली तर समोर आण्णा ओवाळणीचं ताट घेऊन उभे.

आण्णा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीकडं आमचं शेत आहे. ते बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं, बैल विकले आणि आण्णांना मी शहरात आणलं. गावाकडं त्यांचा दिवस बैलांपासून सुरू व्हायचा आणि बैलांपाशी संपायचा. इथं काय करणार? इथं घरात जनावर असं एकच, स्कूटर! रोज उजाडायच्या आत ते तिला धुवायचे, पुसायचे, आडोशाला उभी करायचे. पोळ्याला तर त्यांनी कमालच केली. हँडलला गोंडे, आरशांना बाशिंगं, सीटवर झूल. सुनंदा हेल्मेट काढायच्या आत त्यांनी गाडीला ओवाळलं, हेडलाइटपुढं पुरणपोळीचा घास धरला, पुढच्या चाकाला हात लावून नमस्कार केला आणि समाधानानं मान हलवली.

मग त्यांचं लक्ष सुनेकडं गेलं. ती पायरीवर बसली होती. हेल्मेट तसंच डोक्यात.

"अहो," ती मला म्हणाली, "ब्रेक लागत नाही."

"कुठला?"

"पुढचा. पुलाच्या उतारावर समोर सिटी बस. मी दाबतेय, दाबतेय, आणि गाडी आपली निघालीय माहेराला निघाल्यासारखी! बसच्या मागं 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहिलेलं असतं ना? ते मी आज नाकानं वाचलंय."

"मग थांबली कशी?"

"मागच्या ब्रेकवर आणि पायावर. ह्या चपलेचा तळ बघा. आहे का तळ?"

तळ नव्हता. मी हसणार होतो, पण तिला हेल्मेटचा पट्टा काही सुटत नव्हता. मग मी नाही हसलो. तिनं हेल्मेट काढलं आणि बालवाडीतल्या पोरांना सांगावं तसं शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "गणपती बसायच्या आत पुढचा ब्रेक लागला पाहिजे. नाही लागला तर गाडी रशीदभाईला देऊन टाकायची. मी बसनं जाईन, पण धडकी भरून जाणार नाही."

रशीदभाई जुन्या गाड्या घेतात आणि विकतात. आमच्या स्कूटरवर त्यांचा जुना डोळा. रस्त्यात भेटले तर आधी गाडीची खुशाली विचारतात, मग आमची.

ती आत गेल्यावर आण्णा हळूच जवळ आले. "दत्त्या, इकायचं बोलली का रं ती?"

"नाही हो आण्णा. मी आहे ना!"

"म्हणूनच इचारलं," आण्णा म्हणाले आणि झूल घडी करायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, सुनंदालाही घ्यायला लावली. (कंपनीत कारण सांगितलं, ताप. ब्रेक सांगितलं असतं तर ताप झाला असता.) ह्या ब्रेकची रचना अगदी सोपी. हँडलवरचा दांडा दाबला की वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल पाइपातून खाली चाकापाशी जातं. तिथं दोन पॅड असतात, ते चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून करकचून चिमटा काढतात आणि गाडी थांबते. एवढंच! मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितलं होतं की पाइपात हवा शिरली तर दांडा भिजल्या स्पंजासारखा नरम लागतो, मग ती हवा काढायची. आमचा दांडा दगडासारखा घट्ट होता. तरीही मी हवा काढायला बसलो. कारण त्या व्हिडिओत दुसरं काही दाखवलंच नव्हतं आणि माझ्याकडं पानाही तेवढाच होता.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं दांडा दाबून धरायचा, दुसऱ्यानं खालचा स्क्रू सैल करून हवा आणि ऑइल बाहेर काढायचं, स्क्रू आवळायचा, मगच पहिल्यानं दांडा सोडायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवरा-बायकोनं हे काम करू नये, असं व्हिडिओत लिहायला पाहिजे होतं.

"दाब!"

"दाबलं."

"सोडू नको!"

"नाही सोडलं."

"आता सोड... अगं थांब, स्क्रू राहिला!"

"सोडू का नको सोडू, एक काहीतरी ठरवा! पातेल्यात दूध आहे माझं."

"सोडू नको म्हटलं की सोडतेस!"

"तुम्ही 'सोड' म्हणालात!"

"त्याच्यापुढं 'थांब' म्हणालो की!"

दूध उतू गेलं. ऑइलची पिचकारी माझ्या बनियनवर, मिशीवर आणि गाडीच्या पुढच्या रंगावर उडाली. मिशीचं काही झालं नाही. रंग मात्र तळलेल्या पापडासारखा फुगून आला, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. (हे त्या व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. शेवटापर्यंत कोण बघतो?) आणि एवढं सगळं करून पाइपात हवा नव्हती तिथं आम्ही ती नीट भरून दिली. आता दांडा बोट टेकवताच थेट हँडलला जाऊन भेटायचा. सकाळपर्यंत आमचा ब्रेक लागत नव्हता. दुपारपासून आम्हाला ब्रेकच नव्हता!

आण्णा गॅलरीतून बघत होते. "त्याला जरा दोन दिस आराम द्या रं," ते म्हणाले. "लई दमवलंय मुक्या जिवाला." पण आण्णांकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ होता!

मग मागच्या गल्लीतला गजू मेकॅनिक आला. गजू म्हणजे आत्मविश्वासाचा कारखाना. गाडी चालू झाली तर त्याच्यामुळं, आणि नाही झाली तर गाडीत दम नाही, असा त्याचा साधा हिशेब. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, माझी मिशी बघितली आणि विचारलं, "कुणी हात लावला हिला?"

"व्हिडिओ बघून थोडंसं..." मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही तर ब्रेकमध्ये आहात ना?"

"हो. पण मोठ्या गाड्यांच्या," मी म्हणालो.

गजूनं हवा काढली, नवं ऑइल भरलं, पॅड बाहेर काढून पॉलिश पेपरनं घासले, डिस्कही त्याच पेपरनं घासून पुसली. ती पुसताना फडक्याला पिवळट तेलकट डाग लागला तो त्यानं माझ्या नाकापुढं नाचवला. "बघा, ऑइल गळतंय थोडं. पण आता नाय गळणार. माझा हात लागलाय." आणि मग त्यानं गाडी पळवून ब्रेक दाबला तर अहो, असा ब्रेक लागला की मागचं चाक हवेत! गजू सीटवरून घसरून हेडलाइटवर आला. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सुनंदा कामावर जाऊन आली ती हसतच. आण्णांनी नेहमीप्रमाणं चाकाला हात लावला आणि एकदम मागं घेतला. त्यांचा चेहरा उतरला. आम्ही मात्र त्या रात्री श्रीखंड आणलं.

श्रीखंड संपलं आणि सकाळ झाली. सुनंदा गाडी फाटकापर्यंत घेऊन गेली आणि तशीच ढकलत परत आली.

"नाही लागत."

"काल तर लागत होता!"

"काल श्रीखंडही होतं."

गजू आला, त्यानं डिस्कवरून बोट फिरवलं. बोट पिवळं, चकचकीत, तेलात बुडवून काढल्यासारखं. "सील गेलं साहेब," गजू म्हणाला. सील बदललं, पॅड आणि डिस्क पुन्हा घासले. संध्याकाळी ब्रेक झकास! सकाळी पुन्हा डिस्क तेलकट. "सील नव्हतं गेलं साहेब, पाइप गेला." पाइप बदलला, पुन्हा घासाघास. पण ह्या खेपेला जाता जाता गजूनं वरच्या डबीचं झाकण उघडून आत डोकावलं, झाकण लावलं आणि पुन्हा उघडून डोकावलं. गजूला एकच गोष्ट दोनदा तपासताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"काय झालं रे?"

"साहेब, डबी काठोकाठ भरलेलीय."

"मग चांगलंच आहे की."

"खाली रोज एवढं ऑइल गळतंय, तर वरचं कमी नको व्हायला?" त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, ही गाडी ऑइल तयार करतीय."

तुम्हाला सांगतो, क्षणभर माझ्या अंगावर काटा आला. सगळं जग तेलासाठी वाळवंटं उकरतंय आणि इथं सिडकोत आमच्या पायरीपाशी झरा लागलाय! मी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. सुनंदानं मात्र खिडकीतून एवढंच विचारलं, "तुमचा झरा आटणार कधी? गणपती तोंडावर आलेत."

आणि मग आला रविवार. आदल्या संध्याकाळी पाइप बदलून झाला होता, ब्रेक असा लागत होता की वाहवा! त्यामुळं मी सकाळीच जाहीर केलं की आज आपण दोघं गणपतीचं सामान आणायला गुलमंडीला जाणार, स्कूटरवर, आणि मी चालवणार. सुनंदा म्हणाली, "ब्रेक बघितलात का?" मी म्हणालो, "ब्रेकमधल्या माणसाला विचारतेस?"

गणपतीच्या आधीचा रविवार आणि गुलमंडी म्हणजे काय सांगू! मखरं, झुंबरं, महालक्ष्म्यांचे मुखवटे, त्यांच्या साड्या, आणि ह्या सगळ्यांमधून वाट काढणारी अख्खी छत्रपती संभाजीनगरची जनता. वाटेत सवयीनं मी दोन्ही ब्रेक दाबत आलो होतो, त्यामुळं मला काही जाणवलं नाही. एका दुकानापुढं जरा मोकळी जागा दिसली आणि माझ्यातला विशेषज्ञ जागा झाला.

"सुनंदा, बघ आता. नुसता पुढचा!"

"कशाला? दोन्ही दाबा ना!"

"अगं बघ तर! हा डावा हात सोडला..." आणि मी डावा हात खरोखरच सोडला. नुसता सोडला नाही, वर केला! मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखा! आणि उजव्या हातानं पुढचा ब्रेक दाबला.

गाडी गेली की हो पुढं! फार जोरात नाही. वेग बैलगाडीचाच, पण बैलगाडी थांबते. मी दाबतोय, दांडा दगड, आणि आम्ही आपले लोण्यावरून घसरल्यासारखे निघालोय, एक हात वर, मागून सुनंदा ओरडतेय "दुसरा हात खाली घ्या!" आणि मला ते कळेपर्यंत समोर आला माळांचा गाडा. कापडी फुलांच्या माळा, झेंडूच्या, मोगऱ्याच्या, एका उभ्या बांबूच्या सांगाड्यावर टांगलेल्या. आम्ही त्या सांगाड्याच्या पायात अलगद शिरलो. सांगाडा आधी डावीकडं झुकला, मग उजवीकडं, मग त्यानं विचार केला आणि तो आमच्यावर बसला.

कुणाला खरचटलंही नाही. पण सगळं शांत झालं तेव्हा मी आणि सुनंदा स्कूटरवर बसलेलो, दोघांच्याही गळ्यात माळा, डोक्यावरून मुंडावळ्यांसारख्या लोंबणाऱ्या लड्या, आणि चहूबाजूनं माणसं.

"काका," गाडेवाला म्हणाला, "माळा घ्यायच्या तर उतरून तरी घ्या!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, अक्षदा टाका रे अक्षदा!"

सुनंदानं डोळ्यांवरचा मोगरा बाजूला केला. "एकदा घातली होती ह्यांच्या गळ्यात माळ," ती त्या सगळ्या लोकांना उद्देशून म्हणाली, "तेच निस्तरतेय अजून." आणि तिथंच, माळेतच, तिनं मोबाइल काढला. "रशीदभाई? उद्या सकाळी या. गाडी घेऊन जा."

ती रिक्षानं घरी गेली. मी गाडी ढकलत आलो. गळ्यातली एक माळ काढायची राहिली होती, त्यामुळं वाटेत दोघांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

त्या रात्री जेवताना आण्णांनी विचारलं, "काय ठरलं?"

"उद्या सकाळी माणूस येतोय, आण्णा."

आण्णांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "हरण्यालाबी सकाळीच नेला हुता," ते म्हणाले आणि उठले. हरण्या म्हणजे त्यांचा बैल. मी खाली बघून भात कालवत बसलो. विनोदी माणसाला अशा वेळी काही सुचत नाही, भातच कालवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागात नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्या गावात पाण्याच्या दिवशी माणूस जितक्या लवकर उठतो तितका परीक्षेलाही उठत नाही. तांबडं फुटायच्या सुमारास मी मोटार लावायला खाली आलो. मोटार चालू केली, वळलो, आणि बघतो तो काय, आण्णा गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. शेजारी वाटी. बोटं पिवळीधमक. चाकाच्या पट्ट्यांमधून हात घालून ते डिस्क चोळताहेत. दोन्ही बाजूंनी. मन लावून.

"लई घासलं रं तुला ह्यांनी," ते गाडीला सांगत होते. "आज जाशील. नव्या धन्यानं बघितलं तर म्हणंल, काय हाल केलेत जनावराचे. असं नको. चांगलं हून जा."

"आण्णा!" माझा आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "हे काय करताय?"

"दिसंना व्हय? खांद मळतोय."

"कुणाचं?"

"ह्येचं! मग काय तुझं?"

खांदेमळण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तेल किंवा तूप आणि हळद लावून मळतात. वर्षभर जू ओढून ते सोललेले असतात, सुजलेले असतात, म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत. पण स्कूटरला खांदा असतो हे मला माहीत नव्हतं! ब्रेकच्या कंपनीत असून!

"पोळ्याच्या आधी म्या ह्येला धुतलं तवा बघितलं," आण्णा समजावून सांगायला लागले, शांतपणे, मला काहीच येत नाही हे गृहीत धरून. "ह्या चकतीवर सगळ्या रेघाच रेघा. जू घासलं की खांद्यावर पडत्यात तशा. आन् सूनबाई कामावरून आली तवा हात लावला तर चटका! आग आग हुत हुती त्याची. मग आदल्या सांजंला करडीचं तेल आन् हळद लावून मळलं. पोळ्याला ती आली तवा बघितलं तर थंडगार! गुण आला."

मी पायरीवर बसलो. गुण आला! डिस्क तापते ती पॅडच्या चिमट्यानं. तेल लावल्यावर पॅड नुसतेच घसरायला लागले, चिमटा बसेना, गाडी थांबेना, त्यामुळं डिस्क तापेना, त्यामुळं आण्णांना वाटलं पेशंट बरा झाला!

"आन् मग तो गजू आला," आण्णांचा आवाज चढला, "आन् त्यानं काचपेपरनं घासलं रं त्याला! जखमेवर काचपेपर! दुसऱ्या दिशी पुन्हा अंग तापलेलं. मग म्या पुन्हा मळलं. त्यो पुन्हा घासून जायचा, म्या पुन्हा मळायचो. कालच्याला तर हळद जास्त घातली."

म्हणजे एका पेशंटला दोन डॉक्टर! एक संध्याकाळी ब्रेक लावून जाणार, दुसरा पहाटे उतरवून ठेवणार, आणि मधल्या मधे आमचं गुलमंडीत पुन्हा लग्न लागणार. आणि मी, ब्रेकमधला माणूस, ते पिवळं बोट रोज बघत होतो. त्याचा एकदा वास घ्यायची बुद्धी झाली असती तर कांदाभजी आठवली असती!

"आण्णा, ह्याच्यामुळंच ब्रेक लागत नाही. ह्याच्यामुळंच गाडी चाललीय विकायला."

आण्णांनी शेजारची वाटी लांब सारली. मोटारीचा आवाज चालला होता. ते म्हणाले, "माझ्यामुळं?"

तेवढ्यात वरून सुनंदाचा आवाज. "अहो, टाकी वाहतेय! झोपलात का खाली?" आणि पाठोपाठ ती स्वतःच जिना उतरून आली. तिनं मोटार बंद केली, वाटी बघितली, तेलानं माखलेली डिस्क बघितली. आण्णांनी हात मागं लपवले होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि माझ्यातला श्रावणबाळ जागा झाला.

"सुनंदा," मी म्हणालो, "मीच लावत होतो तेल. डिस्कला गंज चढू नये म्हणून. रोज पहाटे."

माझी कल्पना होती की ती म्हणेल, छे, तुम्ही असं कसं कराल, एवढे ब्रेकमधले. पण नाही. तिला पळभरही शंका आली नाही!

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "असलं काहीतरी तुम्हीच करू शकता."

"ह्यानं नाय, म्या लावलं!" आण्णांनी पिवळे हात पुढं केले. "त्याला खांदेमळण कुठली येती? त्याच्या बापजन्मात..." इथं त्यांच्या लक्षात आलं की बाप तेच आहेत, आणि ते थांबले. मग त्यांनी सगळं सांगितलं. रेघा, चटका, काचपेपर. आणि शेवटी म्हणाले, "इकू नको पोरी. मला काय ठावं, तेलानं असं हुतं? बैल इकले तवा निदान मला इचारलं तरी हुतं."

सुनंदा आण्णांशेजारी तिथंच पायरीवर बसली. "आण्णा, तुम्ही लावलंत होय? मग ते मायेनंच लावलं असणार," ती म्हणाली. आता हा कुठला न्याय? तेच तेल, तीच डिस्क! मी लावलं तर अक्कल नाही, आण्णांनी लावलं तर माया!

"पण आण्णा," ती पुढं म्हणाली, "त्या दिवशी पुलावर मी बसखाली गेले असते हो."

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पिवळ्या हातानंच ते पुसलं आणि आता कपाळही पिवळं झालं. "म्या पुन्हा बोटसुद्धा नाय लावायचा त्या चकतीला," ते म्हणाले. "तुझ्या गळ्याची आण."

गजूला उठवून आणला. त्यानं पॅड काढून नाकाशी धरले आणि माझ्याकडं असं बघितलं की बस. पॅड एवढं तेल प्यायले होते की वाळूत घासले तरी उपयोग नव्हता. नवे घातले. डिस्क साबणानं धुतली, पुसली, पुन्हा धुतली. आण्णा पाणी ओतून देत होते आणि गजूवर नजर ठेवून होते. गजूनं पॉलिश पेपर बाहेर काढला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

इतक्यात रशीदभाई हजर. सोबत गाडी चालवत न्यायला माणूसही आणलेला. "सलाम भाभी! आण्णा, ठीक हो? आन् माझी गाडी?"

"दोन मिनिटं, रशीदभाई," सुनंदा म्हणाली आणि गाडी घेऊन गल्लीच्या टोकाला गेली. तिथून वळली. मी वाटेच्या मध्ये उभा होतो. हलावं की नाही हे ठरवेपर्यंत ती भरधाव आली आणि तिनं ब्रेक दाबला. नुसता पुढचा! गाडी माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर गपकन थांबली. माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा आण्णा हसत होते, गजू हसत होता, आणि सुनंदानं हेल्मेटचा पट्टा एका झटक्यात सोडला.

"लागला," ती म्हणाली. "रशीदभाई, माफ करा. गाडी नाही द्यायची आता."

रशीदभाईंचा चेहरा पडला. "क्या भाभी! सकाळी सकाळी बोलावलं, माणूस घेऊन आलो. खाली हाथ कसा जाऊ? घरात दुसरं काही जुनं असेल तर बघा की. चालू नसलं तरी घेतो."

सुनंदानं फक्त माझ्याकडं बघितलं.

तिच्या नजरेच्या मागोमाग रशीदभाईंनीही माझ्याकडं बघितलं. धंद्याचा माणूस! माझ्याभोवती एक चक्कर मारली, पुढून बघितलं, मागून बघितलं, खांद्यावर हात ठेवून जरा दाबून पाहिलं, आणि मान हलवली.

"नक्को भाभी. इस मॉडल के पार्टां अब किधर बी नै मिलते."